मिनिएचरसाठी प्रायमर आणि रंग निवडताना : आधी पकड, मग उजेड

प्रश्न थोडक्यात असा आहे. जमवलेल्या मिनिएचरपैकी (म्हणजे रंगवायच्या छोट्या मूर्तींपैकी) काही कडक प्लास्टिकच्या, काही जुन्या धातूच्या, काही लवचीक प्लास्टिकच्या आणि काही थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या आहेत. सगळ्यांवर एकाच डब्यातला काळा स्प्रे मारला. आता धातूच्या मूर्तींच्या तलवारींवरून रंगाचे टवके उडतात, लवचीक मूर्ती कित्येक आठवड्यांनंतरही हाताला चिकट लागतात आणि पिवळा कितीही वेळा लावला तरी हिरवट, मळकाच दिसतो. तेव्हा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, कुठला घ्यावा आणि रंगांचा संच कुठल्या कंपनीचा घ्यावा?

संचाचं नंतर बघू. या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि कंपनी बदलून त्यातली एकही सुटणार नाही. पहिल्या दोन तक्रारी मूर्ती कशाची बनली आहे याच्याशी जोडलेल्या आहेत, तिसरी पिवळ्या रंगद्रव्याच्या स्वभावाशी. प्रायमर निवडताना आपण खरं तर दोन निर्णय एकदम घेत असतो: हा थर त्या पृष्ठभागाला धरून राहील का, आणि त्याचा रंग वरच्या रंगांना उजळ करेल की गडद. दुकानात डबा उचलताना लोक दुसऱ्या प्रश्नावर तासभर घालवतात, "काळा घेऊ की पांढरा", आणि पहिला प्रश्न मनातही येत नाही. क्रम उलटा हवा.

पकडीपासून सुरुवात करू, आणि पकडीची सुरुवात साबणापासून होते. साच्यातून सहज सुटावी म्हणून मूर्तीवर तेलकट किंवा सिलिकॉनयुक्त पदार्थाचा अंश राहिलेला असतो. रेझिनच्या ओतीव मूर्तींवर तो सर्वात जास्त, धातूवर थोडा, कडक प्लास्टिकवर बहुधा नगण्य. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश; मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. कोमट म्हणजे कोमटच. पाणी गरम असेल तर पातळ रेझिनची तलवार वाकते. धुतल्यावर मूर्ती शक्यतो तळाशी धरा, बोटांचं तेलही पुरेसं त्रासदायक असतं.

प्रिंटरवरच्या रेझिनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे साच्याचं तेल नसतं, पण न वाळलेल्या द्रव रेझिनचा पातळ थर असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्यावं लागतं आणि मगच अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली मूर्ती पक्की करायची असते. हे अर्धवट राहिलं तर प्रायमर कितीही चांगला असो, खालून चिकटपणा येत राहतो आणि दोष मात्र प्रायमरला दिला जातो. न वाळलेलं रेझिन त्वचेला अपायकारक आहे. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका.

आता पदार्थागणिक प्रायमर. कडक प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन, जे तुकडे चौकटीला जोडलेले येतात आणि प्लास्टिक सिमेंट नावाच्या पातळ गोंदाने विरघळवून चिकटवता येतात ते. या प्लास्टिकचे लाड करावे लागत नाहीत. लॅकर (तीव्र द्रावकात विरघळवलेल्या राळेच्या) प्रायमरमधलं द्रावक त्याचा वरचा सूक्ष्म थर किंचित मऊ करतं आणि प्रायमर अक्षरशः त्यात रुततो. तामियाचा फाइन सरफेस प्रायमर किंवा जीएसआय क्रिऑसचा मिस्टर सरफेसर याच घराण्यातले. मिस्टर सरफेसरच्या बाटलीवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. ५०० हा खड्डे भरायला आहे, चेहऱ्यावर मारायला नाही. २८ मिलिमीटरच्या मूर्तीसाठी १२०० किंवा १५०० घ्या. त्या मापावर डोळ्याची पापणी म्हणजे जेमतेम एक रेघ असते. जाड प्रायमरखाली ती गेली की परत येत नाही. मोटारीच्या प्रायमरचे मोठे डबे स्वस्त पडतात म्हणून अनेक जण तेच वापरतात आणि धातूवर ते उत्तम चालतातही. पण काहींचं द्रावक इतकं जहाल असतं की पातळ पॉलिस्टायरीनवरचे तपशील वितळतात. आधी चौकटीच्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघावं, दुसऱ्या दिवशी निर्णय घ्यावा.

धातूत द्रावकाला रुतायला जागाच नसते. तिथे प्रायमरची पकड पृष्ठभागाच्या बारीक खरखरीतपणावर आणि प्रायमरमधल्या राळेच्या चिकटण्यावर अवलंबून असते, म्हणून ती मुळातच कमजोर. टवके पहिल्यांदा तलवारीच्या धारेवरून, शिरस्त्राणाच्या टोकावरून आणि तळाच्या कडेवरून उडतात, कारण धारेवर ओला रंग टिकत नाही, आकसून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमकं जिथे हात लागणार तिथेच थर सर्वात पातळ उरतो. उपाय साधे आहेत: सपाट भागांवर आणि कडांवर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवायचा, लॅकरचा प्रायमर दोन पातळ हातांत मारायचा, आणि खेळायच्या मूर्ती असतील तर शेवटी ग्लॉस वार्निशचा एक हात देऊन त्यावर मॅट द्यायचा. धातूसाठी वेगळे पारदर्शक मेटल प्रायमरही मिळतात. ते वाईट नाहीत, पण तीन इंची सैनिकासाठी मला त्यांची गरज फार क्वचित भासली आहे.

जुन्या धातूच्या मूर्तींबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. आजच्या पांढऱ्या धातूत मुख्यतः कथील असतं, पण जुन्या अनेक मूर्तींत शिशाचं प्रमाण भरपूर असे. त्या घासताना उडणारी पूड श्वासात जाऊ देऊ नका: पॉलिश पेपर ओला करून घासा, नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा. अशा मूर्तींवर पांढरी, पिठूळ बुरशीसारखी पूड दिसली तर ते शिशाचं कार्बोनेट असतं, धातूच सडत असतो. ॲसेटिक आम्लाच्या वाफेने ही सड सुरू होते, आणि ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात ती वाफ लाकडातूनच निघते. "रंग धरावा म्हणून धातू व्हिनेगरमध्ये बुडवा" हा सल्ला वारंवार वाचायला मिळतो. व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसेटिक आम्लच, तेव्हा शिसं असलेल्या मूर्तीवर तो प्रयोग अजिबात नको. आणि प्रायमर देताना तळाची खालची बाजूही झाका. बहुतेक जण ती उघडीच ठेवतात.

लवचीक प्लास्टिक हे तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ. बोर्डगेममधल्या पुष्कळ मूर्ती आणि रीपरच्या बोन्ससारख्या मालिका या मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. अशा मऊ प्लास्टिकमध्ये, विशेषतः पीव्हीसीमध्ये, लवचीकपणा आणण्यासाठी प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. डब्यातल्या स्प्रेचं द्रावक या प्लास्टिसायझरशी मिसळतं, त्याला वर खेचतं, आणि रंगाचा थर कधीच पूर्ण कडक होत नाही. महिनोन्महिने चिकट राहतो, धूळ धरतो. सगळेच स्प्रे असं करतात असं नाही. एकाच कंपनीचा काळा चालतो आणि पांढरा चिकटतो असंही होतं. म्हणून अशा मूर्तींवर द्रावकाचा डबा न मारणंच शहाणपणाचं. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन-ॲक्रिलिक प्रायमर, उदाहरणार्थ वायेहोचा सरफेस प्रायमर, ब्रशने किंवा एअरब्रशने द्या. वाळल्यावर तो रबरी, ताणला जाणारा थर बनतो, त्यामुळे भाला वाकला तरी तडकत नाही. ब्रशने देताना बाटली हलवल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवा म्हणजे बुडबुडे बसतील, आणि पाणी घालू नका. पाण्याने पातळ केलेला थर या मेणचट पृष्ठभागावर थेंबाथेंबाने गोळा होतो. बोन्सवर प्रायमर न देता थेट रंग चालतो असं कंपनी सांगते आणि ते खरंही आहे, पण त्यासाठी पहिला हात पाणी न घालता द्यावा लागतो आणि त्या पांढऱ्या चकचकीत पृष्ठभागावर तपशील दिसत नाहीत. मी तरी प्रायमर देतोच.

या पॉलियुरेथेन प्रायमरचे दोन दोष आधीच सांगतो. तासाभरात तो वाळल्यासारखा वाटतो, पण खरा पक्का व्हायला एक दिवस लागतो. त्याआधी नख लागलं तर सालीसारखा सोलून येतो. दुसरं, तो घासता येत नाही. पॉलिश पेपर लावला की गुठळ्या होऊन फाटतो. घासून गुळगुळीत करायची सवय असेल, किंवा छपाईच्या थरांच्या रेषा बुजवायच्या असतील, तर लॅकर प्रायमरच हवा.

पूर्ण पक्क्या झालेल्या छापील रेझिनवर आणि ओतीव रेझिनवर दोन्ही प्रकार चालतात. चित्रकारांचा जेसोही (कॅनव्हासवर द्यायचा पायाचा थर) काही जण वापरतात. वाळताना आकसून तो तपशिलांना घट्ट बसतो हे खरं, पण त्यात भरड भर असते. ५४ मिलिमीटरपेक्षा लहान मूर्तीच्या चेहऱ्यावर मी तो लावणार नाही.

डब्यातून फवारताना काय चुकतं तेही इथेच सांगून टाकतो, कारण निम्मे "वाईट प्रायमर" हे वाईट हवेचे बळी असतात. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून दोन मिनिटं डबा हलवायचा. अंतर वीस ते तीस सेंटिमीटर. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करायचा, मूर्तीवरून झर्रकन न्यायचा, पलीकडे बाहेरच थांबवायचा. पहिल्या हातात मूर्ती पूर्ण झाकली जाणं अपेक्षितच नाही. बारीक ठिपके ठिपके दिसले पाहिजेत. हवा दमट असेल तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळ्या थरावर पांढुरकी झाक येते. हवा फार गरम आणि कोरडी असेल, किंवा तुम्ही फार लांब उभे असाल, तर रंगाचे थेंब वाटेतच वाळतात आणि मूर्तीवर वाळूसारखा खरबरीत थर बसतो. खरबरीत थर हा वरच्या प्रत्येक रंगातून दिसतो. तो झाकण्याचा प्रयत्न न करता काढून टाकावा. पावसाळी हवेत फवारायची घाई असेल तर त्या दिवशी ब्रशचा प्रायमर वापरा. आणि कापडी किंवा कागदी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. उघड्यावर फवारा, किंवा सेंद्रिय वाफेसाठीची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लावा.

पकडीचा विषय इथे संपला. आता उजेड.

अस्तराचा, म्हणजे या प्रायमरच्या थराचा, रंग कसा ठरवायचा याला मी एकच प्रश्न विचारतो: या मूर्तीवरचा सर्वात मोठा भाग कुठल्या रंगाचा असणार आहे आणि तो रंग अपारदर्शक आहे का? चिलखती, धातूच्या झाकेची, गडद मूर्ती असेल तर काळं अस्तर. धातूच्या रंगांत ॲल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात. त्यांच्यामधल्या फटींतून काळं दिसलं तर चमक खोल वाटते, पांढरं दिसलं तर खडूसारखी. शिवाय काळ्या अस्तरावर कोपऱ्यात ब्रश पोचला नाही तरी तिथे सावलीच दिसते, चूक दिसत नाही. सैन्य भराभर रंगवायचं असेल तर हा मोठाच दिलासा. त्याची किंमत म्हणजे काळ्यावर आकार दिसत नाहीत. पट्टा कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं हे चाचपडत शोधावं लागतं, आणि डोळ्यांवर ताण येतो.

पांढरं अस्तर उजळ, स्वच्छ रंगांसाठी आणि पारदर्शक रंगांसाठी. त्यावर लाल-पिवळा-निळा खुलतो, पण राहून गेलेला प्रत्येक ठिपका ओरडून सांगतो की मी राहिलो. पांढरे स्प्रे खरबरीत बसण्याचं प्रमाणही जास्त, त्यामुळे मी पांढऱ्याऐवजी हस्तिदंती किंवा फिकट करडा घेतो. कुठलं घ्यावं ते कळेना तर मध्यम करडा घ्या. त्यावर सावल्या आणि उजेड दोन्ही दिसतात, साच्याची राहिलेली रेघ, फट, बोटाचा ठसा सगळं उघडं पडतं, आणि वर कुठलाही रंग फारसा बिघडत नाही. कंटाळवाणा आहे, पण नवशिक्याला मी पहिला डबा करड्याचाच घ्यायला सांगेन.

यापुढची पायरी म्हणजे झेनिथल. आधी पूर्ण काळं अस्तर, मग वरून, साधारण माथ्याच्या दिशेने, करड्याचा आणि शेवटी पांढऱ्याचा हलका फवारा. वरून सूर्य आल्यावर जिथे उजेड पडेल तिथे पांढरं बसतं, काखेत, झग्याच्या घड्यांत, ढालीच्या मागे काळं राहतं. तीन डब्यांत आणि पाच मिनिटांत छायाप्रकाशाचा आराखडा मूर्तीवरच उतरतो. पण एक अट आहे, जी शिकवताना बहुतेक जण गाळतात. वर अपारदर्शक रंगांचे दोन हात दिले की हा सगळा आराखडा गाडला जातो, मेहनत वाया. झेनिथलचा उपयोग पातळ, पारदर्शक थरांखाली. तुमचा हात अपारदर्शक रंगांवर बसलेला असेल तर झेनिथल केल्यावर मूर्तीचा फोटो काढून ठेवा आणि रंगवताना तो समोर ठेवा, तेवढाच त्याचा फायदा.

सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ मध्ये आले आणि या सगळ्या विचाराला कलाटणी मिळाली. त्यानंतर इतर कंपन्यांचे तसेच रंग आले, आर्मी पेंटरचे स्पीडपेंट, वायेहोचे एक्सप्रेस कलर. हे दाट रंगाचे पण पारदर्शक रस आहेत: उंचवट्यावरून ओसरतात, खोलगट भागात साचतात, एका हातात सावली आणि उजेड देतात. त्यांना फिकट अस्तर लागतं. सिटाडेलने त्यांच्याबरोबरच उबदार हस्तिदंती आणि थंड फिकट करडा अशी दोन अस्तरं काढली ती उगाच नव्हेत. हस्तिदंतीवर त्वचा, चामडं, लाल आणि तपकिरी छान बसतात. करड्यावर निळे, जांभळे, गार हिरवे. केस, लोकर, पिसं, घड्या पडलेलं कापड यांवर हे रंग जादू करतात. सपाट ढाल, मोठं गुळगुळीत चिलखत यांवर मात्र डागडाग दिसतात. दोन मूर्तींच्या ढाली आधी रंगवून बघा, मग साठ मूर्तींचा निर्णय घ्या. अशा काही रंगांवर पुन्हा ओला ब्रश फिरवला की खालचा थर उठून वरच्यात मिसळतो, हेही आधी तपासा.

आता तुमचा पिवळा. रंग खालचं झाकतो की नाही हे मुख्यतः रंगद्रव्य आणि बाइंडर (रंगद्रव्याचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) यांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. ॲक्रिलिक बाइंडरचा अपवर्तनांक साधारण १.५, टायटॅनियम पांढऱ्याचा साधारण २.७. एवढा फरक असला की प्रकाश कणांवरून विखुरतो, खाली पोचतच नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरूसारखे लाल, पिवळी माती, अनेक तपकिरी, हेही असेच झाकणारे. झगझगीत पिवळे, नारिंगी, किरमिजी हे बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात. त्यांचा अपवर्तनांक बाइंडरच्या बराच जवळ, म्हणून प्रकाश आरपार जातो आणि खालचं काळं वर येतं. पिवळ्याखाली काळं आलं की डोळ्याला ते हिरवट दिसतं. यात हात वाईट नाही, बाटलीही वाईट नाही. काळ्यावर आणखी सहा हात दिलेत तर तपशील बुजतील आणि पिवळा तरीही मेलेलाच राहील.

मधे एक झाकणारा थर घाला. पिवळ्या मातीचा रंग, फिकट गुलाबी किंवा हस्तिदंती, यातला कुठलाही एक. गुलाबी ऐकून लोक हसतात, पण गुलाबीवर पिवळा उबदार आणि भरीव दिसतो, सावलीकडे आपोआप नारिंगी झुकतो. हस्तिदंतीवर तो लिंबासारखा थंड राहतो. मातकट पिवळ्यावर जुनं, वापरलेलं कापड मिळतं. लालसाठीही हेच तत्त्व: काळ्यावर थेट लाल देण्याआधी गेरूच्या लालचा एक हात, मग शुद्ध लाल. आणि लाल उजळायला पांढरा मिसळू नका, गुलाबी होईल. नारिंगी किंवा त्वचेचा फिकट रंग मिसळा.

म्हणून संच कुठल्या कंपनीचा, या प्रश्नाचं उत्तर मी कंपनीच्या नावाने देत नाही. बाटलीवर किंवा कंपनीच्या तक्त्यावर रंगद्रव्याचा संकेतांक किंवा निदान झाकण्याची क्षमता दिलेली असेल तर ती वाचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीआर १०१ लोखंडी लाल, पीवाय ४२ लोखंडी पिवळा, पीबी १५ थॅलो निळा. शेवटचा पारदर्शक आणि इतका जहाल की एक थेंब आख्खं मिश्रण गिळतो. चित्रकारांच्या रंगांवर हे संकेतांक असतात. मिनिएचरच्या बऱ्याच कंपन्या देत नाहीत, ही माझी या व्यवसायाबद्दलची जुनी कुरकुर आहे. मग घरीच पारखा: पांढऱ्या कार्डावर जाड काळी रेघ मारा, प्रत्येक बाटलीतला एक हात तिच्यावरून द्या, नाव लिहा, वाळू द्या. रेघ किती दिसते यावरून कुठल्या रंगाला कुठलं अस्तर हवं ते कळतं. हे कार्ड कुठल्याही संचापेक्षा उपयोगी पडतं.

"ॲक्रिलिक" एवढं वाचून सगळं सारखं समजू नका, हेही महत्त्वाचं. वायेहो मॉडेल कलर, सिटाडेल, आर्मी पेंटर यांचे रंग पाण्यावरचे. ब्रशने रंगवायला तेच घ्या. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवरचे. एअरब्रशमधून सुंदर जातात, पण ब्रशने दुसरा हात देताना पहिला उचलला जातो आणि ओढल्याच्या खुणा पडतात. रणगाड्याला घ्या, चेहऱ्याला नको. हस्तकलेचे स्वस्त रंग मूर्तीच्या तळासाठी, दगडमातीसाठी ठीक, कारण त्यात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त. हम्ब्रोलसारखे एनॅमल रंग एकेकाळी या छंदाचे राजे होते. समतल वाळतात, घट्ट बसतात, पण वास, द्रावक आणि वाळायला लागणारा वेळ यांमुळे आज मी ते नवशिक्याला सुचवत नाही. तैलरंग मात्र जरूर सुचवेन, मोठ्या मूर्तींच्या चेहऱ्यांसाठी. ॲक्रिलिकचा पाया पक्का वाळला की त्यावर तैलरंग तासन्‌तास ओला राहतो, गाल आणि कपाळ निवांत एकमेकांत मिसळता येतात. नळीतला रंग आधी पुठ्ठ्यावर थोडा वेळ काढून ठेवायचा. पुठ्ठा जास्तीचं जवसाचं तेल शोषतो आणि रंग कमी चकाकतो, लवकर वाळतो.

रंग एकावर एक देण्याचा क्रम द्रावकावर ठरवा: तळाला लॅकर, वर पाण्याचं ॲक्रिलिक, त्याच्यावर व्हाइट स्पिरिटमधले तैलरंग किंवा एनॅमल वॉश (खोलगट भागात साचणारा अगदी पातळ रंग). ॲक्रिलिक पक्कं वाळलेलं असेल तर व्हाइट स्पिरिट त्याला उचलत नाही. उलट, ॲक्रिलिकवर लॅकरचा ओला हात दिला तर खालचा थर सुरकुततो.

आता संचाबद्दल विचारलंच आहे तर ही माझी यादी: टायटॅनियम पांढरा, हस्तिदंती, काळा, पिवळी माती, झगझगीत पिवळा, नारिंगी, गेरूचा लाल, शुद्ध लाल, किरमिजी, गडद निळा, एक मातकट हिरवा, गडद तपकिरी, मधल्या छटेचा त्वचेचा रंग, पोलादी आणि पितळी. शिवाय तपकिरी वॉश, मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेलं बाइंडर), ग्लॉस आणि मॅट वार्निश. बाकीचं मिश्रणातून निघतं. ऐंशी बाटल्यांच्या पेटीतल्या निम्म्या बाटल्या या पंधरांची मिश्रणं असतात, आणि त्या वाळून जाईपर्यंत तुम्ही उघडत नाही. किरमिजीला नाकं मुरडू नका. त्याच्याशिवाय जांभळे मळके होतात आणि ओठ निर्जीव.

रंग पातळ किती करायचा? दुधाइतका. ओल्या पॅलेटवर (ओलसर स्पंजावर पसरलेल्या कागदावर) काढा, पाणी थेंबाथेंबाने घाला, ब्रश कागदी रुमालावर टेकवून जास्तीचा काढा आणि मगच मूर्तीकडे न्या. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा: ओघळली तर पाणी जास्त, खुणा राहिल्या तर कमी. ओलं बाइंडर दुधट असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद दिसतं. ओल्यावरून छटा जुळवत बसू नका. फार पाणी घातलं तर बाइंडर विरळ होऊन थर कमजोर पडतो, म्हणून ग्लेझसारख्या अगदी पातळ थरासाठी पाण्याबरोबर मॅट मीडियम घाला. धातूच्या रंगांना वेगळं पाण्याचं भांडं ठेवा, नाहीतर पुढच्या चेहऱ्यावर चमकीचे कण सापडतील. त्यांच्यावर मॅट वार्निशही नको, चमक मरते, सॅटिन द्या.

तुमच्या आत्ताच्या मूर्तींचं काय करायचं ते सांगतो. चिकट लवचीक मूर्तींवर वरून काही लावून झाकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडाच वेळ ठेवून टूथब्रशने रंग काढा, साबणाने धुवा, पाण्यावरच्या प्रायमरने नव्याने सुरू करा. छापील रेझिन अल्कोहोलमध्ये जास्त वेळ बुडवलं तर फुगतं आणि तडकतं, त्यामुळे तिथला स्प्रे पातळ आणि घट्ट बसला असेल तर त्याला हात लावू नका, तोच पाया समजा. ॲसिटोन कुठल्याच प्लास्टिकजवळ नेऊ नका, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. पिवळ्या भागांवर आधीच जाड थर चढले नसतील तर तेवढ्याच भागावर हस्तिदंतीचे दोन पातळ हात, मग पिवळा. धातूच्या मूर्ती सोलून काढायची गरज नाही: उडालेल्या टवक्याची कड हजार नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने खालच्या धातूशी समतल करा, त्या जागी ब्रशने प्रायमर लावा, एक दिवस थांबा, रंग जुळवा, आणि तलवारीच्या धारेवर ग्लॉस वार्निशचे दोन हात देऊन शेवटी धातूच्या रंगांचे भाग सोडून बाकी सगळ्यावर मॅट द्या.